साबणाची वडी आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

साबण ही वस्तू नित्याच्या व्यवहारात इतकी रुळून गेली आहे, की तिच्याविषयी विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. एक वडी झिजली की दुसरी आणावयाची, एवढाच तिचा आणि आपला संबंध. अशा या वस्तूच्या बळावर अमेरिकेतील एका तरुणाने २०१३ साली एक लहानसा उद्योग सुरू केला. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, तो उद्योग विकत घेण्याचा करार युनिलिव्हर या जगातील एका अग्रगण्य साबण कंपनीने जाहीर केला. किंमत कंपनीने प्रसिद्ध केली नाही. परंतु लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ या वृत्तपत्राने ती दीड अब्ज डॉलर असल्याचे वृत्त दिले. या उद्योगाचे नाव ‘डॉक्टर स्क्वॉच’ असे आहे.

या उद्योगाने कोणतेही नवे रसायन शोधून काढले नव्हते. साबण करण्याची जी रीत त्याने पत्करली ती शेकडो वर्षांची जुनी होती आणि घरच्या स्वयंपाकघरातही ती कोणास करून पाहता आली असती. मग त्याची एवढी वाढ कशामुळे झाली? वडीच्या वेष्टनावरील दोन शब्दांत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. त्यातील एक शब्द ‘पुरुषांसाठी’ हा आणि दुसरा ‘नैसर्गिक’ हा. पहिल्या शब्दाचा अर्थ सरळ आहे. दुसऱ्याचा तितका सरळ नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

साबण म्हणजे काय

तेल किंवा चरबी यांचा तीव्र क्षाराशी संयोग घडवून आणला असता दोन पदार्थ तयार होतात: एक साबण आणि दुसरे ग्लिसरीन. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. मनुष्य ती प्राचीन काळापासून करीत आला असला, तरी तिच्यात नेमके काय घडते याचा उलगडा होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राणिज चरबीची घटना स्पष्ट केली. चरबी ही मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेली असते व क्षाराच्या योगाने ती फुटून मेदाम्लांचे क्षारयुक्त लवण, म्हणजेच साबण, तयार होतो, हे त्याच्या संशोधनाने सिद्ध झाले.

कारखान्यांत रूढ झालेल्या पद्धतीत तेल व क्षार मोठ्या कढयांत उकळले जात. नंतर मिठाचे पाणी घालून साबण वर तरंगू दिला जाई आणि खाली उरलेल्या द्रवातून ग्लिसरीन वेगळे काढले जाई. औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि स्फोटके यांत ग्लिसरीनला मागणी असल्यामुळे ते साबणात राहू देण्यापेक्षा वेगळे विकणे कारखानदारास फायद्याचे होते. याउलट, शीत पद्धतीत मिश्रण उकळले जात नाही. तेल व क्षार बेताच्या उष्णतेवर एकत्र घोटून मिश्रण दाट झाले की साच्यात ओततात, दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या कापतात आणि त्या चार ते सहा आठवडे सुकत ठेवतात. या पद्धतीत ग्लिसरीन वडीतच राहते. हात अधिक लागतात, वेळ अधिक जातो, आणि म्हणूनच मोठ्या कारखान्यांनी ही पद्धत मागे टाकली.

विसाव्या शतकात साबणाला एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चरबीची टंचाई भासू लागली, तेव्हा साबणावाचून मळ काढणारी कृत्रिम द्रव्ये शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. यांना प्रक्षालके असे म्हणतात. प्रथम त्यांचा उपयोग कपड्यांसाठी झाला; पुढे अंगाला लावण्याच्या वड्याही त्यांपासून होऊ लागल्या. लिव्हर ब्रदर्स कंपनीने १९५७ साली अमेरिकेत आणलेली ‘डव्ह’ ही वडी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिच्यातील मुख्य शोधक द्रव्य खोबरेल तेलातील मेदाम्लांपासून केलेले असले, तरी काटेकोर अर्थाने ती साबण नव्हे. तिच्या वेष्टनावर साबण हा शब्द टाळला जातो, तो याच कारणाने.

साबण आणि जाहिरात यांचा जुना संबंध

एका कारखान्याचा साबण दुसऱ्या कारखान्याच्या साबणाहून फारसा निराळा नसतो. त्यामुळे साबणाच्या व्यापारात मालापेक्षा मालाविषयी जे सांगितले जाते त्याला आरंभापासूनच मोठे महत्त्व आले. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १८७९ साली ‘आयव्हरी’ साबण काढला आणि पुढे तो ९९.४४ टक्के शुद्ध असल्याचे सांगून खपविला. दशांश चिन्हापुढील त्या दोन आकड्यांनी लोकांच्या मनावर जो परिणाम केला, तो नुसत्या ‘शुद्ध’ या शब्दाने कदाचित झाला नसता.

इंग्लंडमध्ये विल्यम लिव्हर याने १८८४ साली ‘सनलाइट’ हे नाव नोंदविले. त्या काळी किराणा दुकानदार साबणाच्या लांब लगडीतून तुकडा कापून तो वजनावर विकीत असे. लिव्हरने ठरावीक आकाराच्या, वेष्टनात गुंडाळलेल्या व नाव छापलेल्या वड्या बाजारात आणल्या. आता ग्राहक दुकानदाराकडे साबण न मागता ‘सनलाइट’ मागू लागला. १८८८ साली या वड्यांची खोकी कलकत्ता बंदरात येऊन उतरली. १९२९ साली लिव्हरची कंपनी आणि मार्गारीन करणारी एक डच कंपनी यांचे एकीकरण होऊन युनिलिव्हरचा जन्म झाला. ज्या कंपनीने पुढे डॉक्टर स्क्वॉच विकत घेतली, तिचा स्वतःचा उदयही अशा रीतीने साबणाच्या वडीला नाव देण्यातूनच झालेला आहे.

या सर्व जाहिरातींचा रोख प्रामुख्याने गृहिणीकडे असे. घरात साबण कोणता यावा हे तीच ठरविते, अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. पुरुषांचे म्हणून वेगळे असे सामान दाढीच्या साहित्यापलीकडे फारसे नव्हते. ‘ओल्ड स्पाइस’ची पुरुषांसाठीची उत्पादने १९३८ साली निघाली, तर युनिलिव्हरने १९८३ साली फ्रान्समध्ये ‘ॲक्स’ नावाचा सुगंधी फवारा तरुणांसाठी काढला. परंतु यांचा भर सुगंधावर आणि आकर्षणावर होता. आपण अंगाला काय लावतो, ते कशाचे केलेले आहे, हा विचार पुरुषाने करावा असे त्यास कोणी फारसे सुचविले नव्हते. बाजारात ही जागा रिकामी होती.

डॉक्टर स्क्वॉचचा उदय

ही रिकामी जागा जॅक हॉलड्रप या तरुणाच्या लक्षात आली. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे राहणाऱ्या हॉलड्रपला सोरायसिस हा त्वचाविकार होता आणि बाजारातील नेहमीच्या वड्या त्याच्या त्वचेला मानवत नसत. शीत पद्धतीने केलेले हातचे साबण त्याला चांगले वाटले. मात्र असे साबण विकणाऱ्यांचा सारा डौल स्त्री-ग्राहकांना उद्देशून असे. पुरुषांना आपलासा वाटेल असा हातचा साबण आपणच करावा, या विचारातून उद्योगाचा प्रारंभ झाला. अमेरिकेच्या वायव्येकडील अरण्यांत ‘सॅस्क्वॉच’ नावाचा अंगभर केस असलेला मनुष्यसदृश प्राणी वावरतो, अशी एक दंतकथा आहे. त्याच्या नावापुढे ‘डॉक्टर’ ही पदवी जोडून उद्योगाचे विनोदी नाव तयार झाले. कोणी वैद्य या नावामागे उभा नाही, हे ध्यानात ठेवणे बरे.

ऑलिव्ह, खोबरेल व पाम या तेलांत शिया वृक्षाच्या फळातील लोणी, ओटचे पीठ, समुद्रमीठ, पाइन वृक्षाचे डांबर असे पदार्थ मिसळून या वड्या केल्या जात. वास फुलांचा नसून पाइनच्या अरण्याचा किंवा देवदारासारख्या लाकडाचा असे. काही वड्या मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या असत. किंमत मात्र साध्या वडीच्या कितीतरी पट होती. माल दुकानातून न विकता स्वतःच्या संकेतस्थळावरून विकावयाचा आणि वर्गणी भरणाऱ्यास ठरावीक काळाने वड्या घरपोच पाठवावयाच्या, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेचे दोन लाभ होते. दुकानाच्या फळीवर जागा मिळविण्यासाठी मोठ्या कंपन्यांशी झुंजावे लागत नव्हते, आणि ग्राहक कोण, तो पुन्हा केव्हा खरेदी करतो, हे उत्पादकास थेट कळत होते.

पहिली काही वर्षे वाढ संथ होती. २०१८ साली कंपनीने इंटरनेटवर प्रसृत केलेल्या एका जाहिरातपटाने हे चित्र पालटले. त्यात एक दाढीवाला विनोदी नट प्रेक्षकाला सरळ उद्देशून सांगतो, की तू ज्याला साबण समजतोस तो साबणच नव्हे, ते कृत्रिम प्रक्षालक आहे. खरा साबण तेल आणि क्षार यांचा असतो. हा जाहिरातपट दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्याचे कौशल्य दोन गोष्टींत होते. रसायनशास्त्राचा एक धडा त्याने विनोदाच्या रूपाने शिकविला. शिवाय त्वचेची काळजी घेणे हे पुरुषाला शोभत नाही ही जी भीड अनेकांच्या मनात होती, ती हसण्यावारी नेऊन त्याने दूर केली.

२०२० साली महामारीमुळे लोक घरात अडकले, हात धुण्याचे प्रमाण वाढले आणि घरबसल्या खरेदी करण्याची सवय पसरली. घरपोच साबण विकणाऱ्या उद्योगास ही परिस्थिती अनुकूल ठरली. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी, म्हणजे ‘सुपर बोल’च्या प्रसंगी, डॉक्टर स्क्वॉचची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली. त्या वर्षी तेथील ३० सेकंदांचा दर सुमारे ५५ लक्ष डॉलर होता. कोका-कोला, बडवायझर यांसारख्या नेहमीच्या जाहिरातदारांनी त्या वर्षी माघार घेतली असताना आठ वर्षांच्या एका साबण उद्योगाने तेथे स्थान मिळवावे, ही गोष्ट त्याच्या वाढीची पुरेशी साक्ष होय. पुढे वॉलमार्ट, टार्गेट यांच्या दुकानांतही त्याचा माल गेला आणि साबणाच्या जोडीला दुर्गंधिनाशक, केस धुण्याची द्रव्ये, दंतधावन अशी उत्पादने आली.

प्रसिद्धीची ही भूक कोठवर जाऊ शकते, याचेही उदाहरण येथेच मिळते. मे २०२५ च्या अखेरीस कंपनीने सिडनी स्वीनी या अभिनेत्रीच्या स्नानाचे थोडे पाणी मिसळलेला साबण जाहीर केला. ५,००० वड्या, प्रत्येकी ८ डॉलर. त्यावर टीका पुष्कळ झाली आणि चर्चा त्याहूनही अधिक. महिना उलटण्यापूर्वीच, २३ जूनला, समिट पार्टनर्स या गुंतवणूकदार संस्थेकडून हा उद्योग आपण घेत असल्याचे युनिलिव्हरने घोषित केले.

‘नैसर्गिक’ या शब्दाची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळणे उचित ठरेल. या वड्यांविषयी जे सांगितले गेले, त्यात तथ्य किती?

काही भाग निःसंशय खरा आहे. बाजारातील अनेक वड्या प्रक्षालकांच्या असतात. शीत पद्धतीच्या साबणात ग्लिसरीन राहते. आणि घटकद्रव्यांची यादी आटोपशीर असली तर ती वाचणे ग्राहकाला सोपे जाते. परंतु यावरून जो निष्कर्ष सुचविला जातो, की साबण त्वचेला हितकर आणि प्रक्षालक अहितकर, तो मात्र शास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. आम्लता आणि अल्कता मोजण्याच्या मापाला ‘सामू’ म्हणतात. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, सुमारे ५ सामूचा असतो. खऱ्या साबणाचा फेस ९ ते १० सामूचा, म्हणजे स्पष्टपणे अल्कधर्मी असतो आणि हे त्याच्या घडणीतूनच येते. तेल कितीही उत्तम वापरले तरी ते टळत नाही. प्रक्षालकाच्या वडीचा सामू उदासीन ठेवता येतो. यामुळेच कोरड्या किंवा विकारग्रस्त त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळदा अशीच वडी सुचवितात. हॉलड्रपला साबण मानवला हा त्याचा अनुभव. तो सर्वांसाठी नियम ठरत नाही.

दुसरे असे, की ‘नैसर्गिक’ साबण ही कल्पनाच तपासून पाहावी लागते. झाडाला साबण लागत नाही. तेल निसर्गातून आले, तरी ज्या कॉस्टिक सोड्याने त्याचा साबण होतो तो मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून कारखान्यात तयार केला जातो. नीट सुकलेल्या वडीत तो शिल्लक राहत नाही हे खरे. पण त्याच्यावाचून वडीच होत नाही हेही तितकेच खरे. नैसर्गिक सुगंधी तेलांची गोष्टही अशीच आहे. लिंबूवर्गीय फळांतील लिमोनीन आणि लव्हेंडरमधील लिनालूल ही द्रव्ये हवेशी संयोग पावली असता काहींच्या त्वचेवर पुरळ उठवू शकतात. ठरावीक प्रमाणापुढे त्यांची नावे वेष्टनावर देण्याचे बंधन युरोपीय कायद्याने घातले आहे. पाम तेलही वनस्पतिजन्यच आहे, तथापि त्याच्या लागवडीसाठी इंडोनेशिया व मलेशियातील विस्तीर्ण अरण्ये तोडली गेली आहेत. निसर्गातून आलेली वस्तू निसर्गाला किंवा शरीराला निरुपद्रवी असेलच असे नाही.

कायदा या बाबतीत ग्राहकाला विशेष साहाय्य करीत नाही. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत ‘साबण’ या शब्दाची व्याख्या आहे: वडीचा मुख्य भाग मेदाम्लांच्या क्षारयुक्त लवणांचा असावा, तिचा शोधक गुण त्यांच्यामुळेच असावा आणि ती केवळ साबण म्हणूनच विकली जावी. अशी वडी या प्रशासनाच्या कक्षेतून बाहेर पडते व ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या दुसऱ्या आयोगाकडे जाते. परंतु सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ या शब्दाची व्याख्या या प्रशासनाने केलेली नाही. ज्या शब्दावर कोट्यवधी डॉलरचा व्यापार उभा आहे, तो मोजण्यासाठी कोणतेही माप नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

लहान उद्योग, मोठे खरेदीदार

डॉक्टर स्क्वॉचच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नाही. १९७० साली स्थापन झालेली ‘टॉम्स ऑफ मेन’ ही नैसर्गिक दंतधावन करणारी कंपनी २००६ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने घेतली. मधमाश्यांच्या मेणापासून प्रसाधने करणारी ‘बर्ट्स बीज’ २००७ मध्ये क्लोरॉक्स या ब्लीचसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीकडे गेली. किंमत होती ९२.५ कोटी डॉलर. २०१७ मध्ये ‘नेटिव्ह’ प्रॉक्टर अँड गॅम्बलने, तर ‘श्मिट्स’ युनिलिव्हरने घेतली. भारतातही पुरुषांच्या प्रसाधनांचा ‘बिअर्डो’ हा उद्योग मुंबईच्या मॅरिको कंपनीने २०१७ व २०२० अशा दोन टप्प्यांत आपलासा केला.

यामागील कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या कंपनीजवळ कारखाने, गोदामे आणि जगभर पसरलेली दुकानदारांची साखळी असते. नसते ती ग्राहकाची आपुलकी. लहान उद्योगाजवळ ती असते, पण दूरवर माल नेण्याची शक्ती नसते. दोघांचा व्यवहार त्यामुळे सहज जमतो. मात्र ज्या ग्राहकाने मोठ्या कंपन्यांच्या प्रक्षालकाला कंटाळून हातच्या साबणाची कास धरली होती, तो अखेर ‘डव्ह’ करणाऱ्या कंपनीच्याच दारात येऊन पोचतो. वडी तीच राहील किंवा बदलेलही. बदलली तर ते त्याला कळावे कसे, हा प्रश्न उरतो. कारण तो ज्या शब्दावर विसंबला होता, तो शब्द वडी बदलली तरी वेष्टनावर तसाच राहू शकतो.

या संदर्भात भारतातील एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास मुंबईत अर्देशिर गोदरेज यांच्या उद्योगाने प्राण्यांची चरबी न वापरता निव्वळ वनस्पती तेलांचा साबण केला. गुरांची किंवा डुकराची चरबी वर्ज्य मानणाऱ्या समाजात या गोष्टीला मोठा अर्थ होता आणि स्वदेशीच्या काळात तिला पाठिंबाही मिळाला. त्यामागेही व्यापार होता, जाहिरातही होती. पण तेथे केलेले विधान निश्चित होते: साबणात चरबी एकतर आहे किंवा नाही. प्रयोगशाळेत ते पडताळून पाहता येत असे.

पडताळता येणारे विधान आणि न येणारे विधान यांत जो फरक आहे, तो ग्राहकाने ओळखावयास हवा. भारतीय मानकांनुसार आंघोळीच्या साबणाची प्रतवारी त्यातील एकूण मेदद्रव्याच्या प्रमाणावरून केली जाते. पहिल्या प्रतीसाठी ते किमान ७६ टक्के असावे लागते. हा आकडा रुक्ष आहे आणि त्यावर विनोदी जाहिरातपट निघणे कठीण. त्यावरून साबण सौम्य आहे किंवा नाही हेही कळत नाही. परंतु जेवढे तो सांगतो तेवढे मोजून सांगतो. डॉक्टर स्क्वॉचने लक्षावधी पुरुषांना वेष्टन उलटून पाहण्याची सवय लावली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. ती सवय पुढे चालवून, वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील शब्दापेक्षा मागील बाजूवरील यादी व आकडे अधिक काळजीपूर्वक वाचणे, हे आता ग्राहकाच्याच हाती आहे.